निळा जाळ

दारंखिडक्यांवर जाड पडदे, दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा नाही, आणि मधोमध उजेडबाबा. अंगात गळ्यापर्यंत काळी कफनी, हातात जांभळी नळी.

"बघ्यांनी काळी घोंगडी डोक्यावरून घ्या! नाहीतर तेजानं करपाल! घरचे तेवढे उघडे या. ज्याच्या अंगी पाप, त्याच्या अंगी जाळ!"

घोंगड्या बाबांनीच वाटल्या होत्या. बटणाचा 'टक्' आवाज झाला, पण तो कुणाच्या कानावर गेला नाही. अंधारात सासूबाई, त्यांचा मुलगा, नात सगळी सावल्यांसारखी काळी राहिली आणि सुनेचा कुर्ता निळाशुभ्र पेटला.

"हीच!" बाबा गरजले. "घरचा म्हातारा खोकून खोकून झिजतोय तो हिच्यामुळे. उद्या चारचौघांत कबुली द्यायची, पोर इथं ठेवायची आणि घर सोडायचं. तोवर कोंडा!"

सासूबाईंनी तिला अडगळीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. नवरा दाराशी घुटमळला.

"अगं, कबूल करून टाक ना. सुटशील."

"काय कबूल करू?"

"ते बाबा सांगतील की."

आईपुढे या माणसाची कायम गोगलगाय व्हायची. झरोका तळहाताएवढा, सकाळी त्यातून उन्हाचा एक तुकडा आला आणि ट्रंकेवर बसून राहिला. तीही बसून राहिली. हाक मारावी तर कुणाला? देवाला मारली. पण देव काही कडी काढायला येत नाही. तो बुद्धी देतो, आणि कडी आपली आपण काढायची असते.

दाराखालच्या फटीतून चार इवली बोटं आत आली.

"आई, आजी म्हणते तू जाणार. मी पण येऊ?"

तिनं ती बोटं धरली आणि तिला रडू फुटलं. डोळे बाहीला पुसताना नजर बाहीवरच थांबली. उन्हात साधी पांढरी. मग काल पेटली कशी?

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. लग्न होऊन आली त्या दिवशीच सासूबाईंनी बजावलं होतं, "दवाखान्यातले कपडे आमच्यात मिसळायचे नाहीत." तेव्हापासून हिची बादली वेगळी, दोरी वेगळी. घरचे कपडे सासूबाईंच्या साबणाच्या पिवळ्या वडीनं, हिचे दुकानातल्या सफेदीच्या पावडरीनं. आणि तसली जांभळी नळी? दुकानदार नोट खरी का खोटी बघतो, ती!

"चिमणे, आजीचा डोक्याचा रुमाल दोरीवर आहे ना? माझ्या पावडरीच्या पाण्यात बुडवून ठेव. मग पिळ आणि परत वाळत घाल."

"आजी मारेल!"

"आज नाही मारणार."

संध्याकाळी तिला बाहेर काढलं. घोंगड्या पुन्हा खच्चून बसल्या होत्या. 'टक्' झालं. कुर्ता पेटला, आणि त्याच्या शेजारी सासूबाईंचं अख्खं डोकं!

सभा हादरली. क्षणभर बाबाही गडबडले. पण जीभ तेलपाणी केलेली.

"बघा! पापानं उडी मारली! आता दोघींना कोंडा!"

"मला?" सासूबाईंचा आवाज चिरकला. शेजारणी सरकून मागे झाल्या. काल जी कडी त्यांनी लावली, तीच आता त्यांच्या मागे वाजत होती. सुनेला ते बघवेना. तिनं म्हातारीचा हात धरला आणि ओरडली, "घोंगड्या टाका सगळ्यांनी!"

"करपाल!" बाबा किंचाळले.

"मी काल आणि आज उघडीच उभी राहिले, मी कुठं करपले? टाका!"

एकानं टाकली. मग दुसऱ्यानं. कुणाचा सदरा, कुणाची कॉलर, कुणाचे मोजे. अर्धी खोली चांदण्यासारखी उजळली.

"बाबा, हे सगळेच पापी?"

"अरे, मी काल धुतलेला सदरा आहे हा!" कोपऱ्यातून कुणी म्हणालं, आणि हशा उसळला.

"मला पापीण म्हणतोस?" सासूबाईंनी बाबांच्या कफनीचा गळा पकडून खाली ओढला. आतलं बनियन लख्ख पेटलं. सगळ्यांत जास्त!

सुनेनं दिवा लावला आणि सासूबाईंना समजेल असं सांगितलं. "आई, पेटीचे सूर खालून वर चढत जातात ना, तसंच हे. खालच्या पट्टीत रेडिओच्या लहरी, मग अन्न गरम करणाऱ्या, मग टीव्हीच्या रिमोटच्या. मधलं एकच सप्तक डोळ्याला दिसतं, त्याला आपण उजेड म्हणतो. त्याच्या वर ही अतिनील, आणखी वर माझा एक्स-रे. ही नळी अतिनील लहरी सोडते. पावडरीतला सफेदीचा रंग त्या पितो आणि निळा उजेड ओकतो. तुमच्या वडीत तो रंग नाही. माझी बादली वेगळी ठेवलीत, म्हणून मी एकटी पेटले."

एवढ्यात बाबा मागच्या दारानं पसार झाले. नळी तेवढी राहिली.

आत सासरे खोकले. सासूबाईंनी डोक्याचा रुमाल काढून सुनेच्या बादलीत टाकला.

"उद्यापासून कपडे एकत्र. आणि ह्यांना उद्या तुझ्या दवाखान्यात न्यायचं, छातीचा फोटो काढायला. तू महिनाभर सांगत होतीस."

चिमणी आईच्या कडेवर चढली ती उतरेना.

बायाबापड्यांनो, भजन जरूर करा, टाळ्या वाजवून करा. पण जो देव आपला म्हणता, त्याला कुणाच्या लेकीला कोंडायला काळोख आणि बटण लागत नाही. कुणी चमत्कार दाखवला, की हात जोडण्याआधी एकदा घोंगडी टाकून बघा.