गुरुवारच्या आधीचा रविवार

बाबा जिथे शिकले त्या गावी, लायडनला, जायचं योस्टच्या डोक्यातून निघालं. माझा धाकटा भाऊ. आमच्या घरात भावना असली तरी तिला तारीख लागते, त्यामुळे त्याने आम्हा सगळ्यांच्या फोनवरच्या कॅलेंडरमध्ये टाकूनही दिलं, 'रविवार : लायडन, सगळे.' त्याच्याच खाली गुरुवारच्या चौकोनात आधीपासून एकच शब्द होता, 'बाबा.'

गुरुवारी दुपारी डॉक्टर घरी येणार होत्या आणि बाबांना इंजेक्शन देणार होत्या. बाबांनी स्वतः मागितलेलं मरण. आमच्याकडे डच कायद्याने ते मिळतं, पण मागणारा शुद्धीवर लागतो. कागदावर सही कधीचीच झाली होती. तरीही डॉक्टरांनी बजावलं होतं की त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या तोंडाने, समजून उमजून 'हो' म्हटलं पाहिजे, नाहीतर त्या बॅग उचलून परत जातील.

आणि बाबा विसरत चालले होते. आधी किल्ल्या विसरले, मग शेजाऱ्यांची नावं. आता गुरुवारच विसरायला लागले होते.

सही केली त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं. म्हणाले, योस्ट मऊ आहे, त्याच्याने होणार नाही. मी विसरलो तर तू आठवण करून द्यायचीस. थोरली म्हणून मला तेव्हा अभिमानच वाटला. काय कबूल करतेय याचा विचार केला असता तर बरं झालं असतं.

लायडनला ऊन पडलं होतं. इथे ऊन पडलं की माणसं कामधाम सोडून कालव्याच्या काठावर पाय सोडून बसतात, त्यामुळे चालायला जागा नव्हती. योस्टची बायको अनूक घरून डबा घेऊन आली होती. पावात एकेक चीजची चकती, वर काही नाही. सासऱ्याचा शेवटचा रविवार असला तरी हॉटेलात पैसे कशाला घालवायचे, हा तिचा हिशोब. बाबांनी मात्र डब्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुलाजवळच्या गाडीवरून कच्चा हेरिंग घेतला, कांद्यात घोळवला, शेपटीला धरून मान मागे टाकली आणि अख्खा मासा उभ्या उभ्या गट्ट केला. मग दुसरा घेतला. हनुवटीवर कांदा चिकटला होता. मी पुसायला गेले तर म्हणाले, राहू दे, कोणाला दाखवायचंय?

इतके खुशीत मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. मला ते पाहवत नव्हतं, हेही सांगून टाकते.

आम्ही उघड्या बोटीत बसलो. बाबा या गावात शिकले, भूगोलाचे मास्तर झाले ते इथूनच. पुलाखालून जाताना सगळे माना खाली घालत होते आणि बाबा प्रत्येक पुलाचं नाव सांगत होते. बोट चालवणाऱ्या मुलीचं एक नाव चुकलं, तर त्यांनी तिला सगळ्यांदेखत सुधारलं. कुठल्या खिडकीत त्यांची खोली होती, घरमालकीण पायरीवर बसून कशी पाळत ठेवायची, ते पाण्यात कितीदा पडले, सगळं अगदी लख्ख.

मग म्हणाले, "रविवारी फार गर्दी असते. गुरुवारी येऊ आपण परत. गुरुवारी काही आहे का आपलं?"

आठवण करून द्यायचं काम माझंच होतं, पण बोटीत, आइस्क्रीम खाणाऱ्या परक्या लोकांसमोर माझी जीभ रेटेना. मऊ म्हणून हिणवलेला योस्टच बोलला. आमच्यात आडपडदा ठेवायची पद्धत नाही, पण इतकं सरळ बोललेलं मीही कधी ऐकलं नव्हतं.

"गुरुवारी तुम्ही मरणार आहात, बाबा. डॉक्टर येतायत. तुम्हीच ठरवलंय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"मी? इतक्या छान उन्हात? डोकं फिरलंय का तुझं? मला नाही मरायचं."

समोरच्या बाईचं आइस्क्रीम हातावर ओघळायला लागलं. अनूकने डबा उघडून बाबांसमोर धरला. त्यांनी पाव घेतला आणि पुढच्या पुलाचं नाव सांगितलं. योस्टचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तो रडत होता, आणि आनंदाने.

बोटीतून उतरल्या उतरल्या त्याने मला बाजूला घेतलं. डॉक्टरांना आत्ताच फोन करू म्हणाला, विषय संपला. मी म्हटलं, संपला कसा? हे बोलणारे बाबा अर्ध्या तासाने काय बोलतील ते तुला माहीत आहे का? तो म्हणाला, नाही माहीत, पण नाही म्हणजे नाही. शब्दाने शब्द वाढत गेला. अनूक म्हणाली, लोक बघतायत.

बाबा कालव्याकाठच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगले होते. उठले तेव्हा डोळे बदललेले होते. त्यांना असे स्वच्छ क्षण येत, आणि आले की मला कळत. मी शेजारी बसले. योस्ट मागे उभा राहिला.

मी थेट गुरुवारावर गेले नाही. आधी आजीचं बोलले. त्यांची आई शेवटची सहा वर्षं वृद्धाश्रमात होती. खुर्चीतून घसरू नये म्हणून पट्ट्याने बांधलेली. बाबा दर रविवारी जात, आणि ती त्यांना 'साहेब' म्हणून हाक मारून विचारायची, माझी आई न्यायला कधी येणार? मी म्हटलं, "आठवतं ना, बाबा? ते नको म्हणून तुम्ही गुरुवार ठरवलाय."

त्यांचा चेहरा उतरला. सकाळपासूनची सगळी खुशी माझ्यासमोर निघून गेली, आणि ती मी घालवली होती.

"हो," ते हळूच म्हणाले. "गुरुवार. ठरलंय ते."

"मघाशी बोटीत तुम्ही नाही म्हणालात."

"मघाचं सोड. तो कोण बोलला मला माहीत नाही." त्यांनी माझा हात धरला. "तसं बांधून नका ठेवू मला."

मी योस्टकडे वळून पाहिलं. जिंकल्याची नजर होती माझी, खोटं कशाला बोलू? तो बाबांना ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलला.

"मी सांगितलं तर नाही म्हणाले. तू सांगितलंस तर हो म्हणाले. तू आजीला मध्ये आणलंस."

"मी खरं तेच सांगितलं."

"मीही खरंच सांगितलं होतं, ताई."

मी बाबांना हाताला धरून उठवलं आणि आम्ही स्टेशनकडे निघालो. बाबांच्या हनुवटीवर अजून सुकलेला कांदा होता. तो अनूकने ओल्या रुमालाने पुसला, आणि या वेळी त्यांनी पुसू दिला.

गाडीत मी हिशोब मांडत बसले होते. गुरुवारी डॉक्टर दारात यायच्या आधी बाबांना पुन्हा सगळं सांगावं लागणार, पहिल्यापासून. ऊन असलं, पोटात हेरिंग असला आणि सरळ सांगितलं, तर ते नाही म्हणतील. पडदे ओढून आजीच्या पट्ट्याची आठवण करून दिली, तर हो म्हणतील. दोन्ही बाबाच. यांतल्या कुठल्या बाबांना दारात उभं करायचं ते मी ठरवणार होते. कायदा, सही, दोन-दोन डॉक्टरांच्या तपासण्या, सगळं करून झालं होतं, आणि शेवटी गोष्ट माझ्या तोंडात येऊन बसली होती.

"गुरुवारी कोणीतरी येणार आहे ना आपल्याकडे?" बाबांनी विचारलं. चेहरा पुन्हा हसरा, सकाळचा.

योस्टने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. अनूक रिकामा डबा पिशवीत कोंबत राहिली.

"हो, बाबा. डॉक्टर येणार आहेत."

"का? कोण आजारी आहे?"

"तुम्ही."

त्यांना वाईट वाटलं नाही. ते माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "मग तू ये हं, पोरी. डॉक्टरांसमोर मला काही सुचत नाही. काय सांगायचं ते तूच सांग."

"येईन," मी म्हणाले.