आजोबांच्या रेझरचा वाकडा दात

आत्याने कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढली, टेबलावर सोडली आणि दोन्ही दावेदारांकडे चष्म्यावरून पाहिलं. पुरचुंडीत आजोबांचा दाढीचा रेझर होता. जुना, तीन भागांत सुटणारा, पात्याखाली कंगव्यासारखे दात असलेला. पण हे सगळं ऐकून माहीत. दिसत होता तो वाळलेल्या साबणाचा आणि हिरव्या-काळ्या गंजाचा एक गोळा, कडेला दातांची टोकं आणि खाली दांडा.

"मला दे," आतेभाऊ म्हणाला. "शोरूममध्ये काचेत ठेवतो. वर दिवा लावतो."

आतेभावाचं नळ आणि बेसिनचं शोरूम होतं, आणि छातीपर्यंत रुळणारी दाढी होती. वीस वर्षांत त्या दाढीला कात्री सोडून काही लागलं नव्हतं.

"दाढी न करणाऱ्याला रेझर कशाला?" दंतोपंतांनी विचारलं.

"मासे न खाणारेसुद्धा घरात मासे पाळतात, दादा."

दंतोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कवळ्या बनवत, म्हणून घरात ते नाव पडलं आणि चिकटलं. रेझर त्यांना हवा होता तो गेलेल्या वडिलांसाठी. वडील सात वर्षांचे असताना आजोबांच्या या रेझरचा एक दात वाकला. वडिलांना मार बसला, आणि पुढे आजोबांनी जाताना रेझर मुलाला न देता मुलीकडे दिला. हा पोरगा वस्तू सांभाळत नाही, असं म्हणून. वडील जन्मभर प्लास्टिकच्या, फेकून द्यायच्या रेझरने दाढी करत राहिले. कुठे कापलं की आरशाला म्हणायचे, "माझ्या बापाचा रेझर असता तर." त्यांच्या मागे लहानगे दंतोपंत उभे असत.

आत्याने दंतोपंतांकडे बघत निकाल दिला. "आठ दिवस तुझ्याकडे ठेव. पुढच्या रविवारी अकराला मी तुझ्याकडे येईन. लख्ख हवा आणि त्याने दाढी व्हायला हवी. झाली तर तुझा. नाहीतर जाईल काचेत."

सोमवारी सकाळी नऊला दंतोपंतांनी रेझर आपल्या कार्यशाळेत नेला. तिथे त्यांचा चोवीस वर्षांचा एक नेम होता: काम हाती आलं की आधी मऊ लगद्यात दाबून त्याचं माप घ्यायचं, त्या ठशात प्लास्टर ओतायचं, प्लास्टरच्या बुडावर पेन्सिलीने नाव-गाव लिहून ते फळीवर ठेवायचं, आणि मगच कामाला हात लावायचा. दिवसातून चाळीस वेळा हे होई. चपला काढताना माणूस जितका विचार करतो तितकाच ते त्याचा करत.

मंगळवारी रेझर गरम साबणपाण्यात पडून राहिला आणि पाण्याचा काढा झाला. बुधवारी तीन भाग सुटे झाले. ते कवळ्या धुवायच्या यंत्रात गेले. यंत्र गुणगुणू लागलं आणि मळ धुरासारखा निघू लागला, तेव्हा दंतोपंतही गुणगुणू लागले. गुरुवारी जुन्या टूथब्रशने आटे घासले. दांड्यावरची जाळीदार नक्षी वर आली. शुक्रवारी मऊ चाकावर हलकी पॉलिश. हलकीच, कारण वरचा मुलामा पातळ होता आणि जास्त दाबलं तर खालचं पितळ दिसलं असतं. रेझर चांदीसारखा चमकू लागला. दंतोपंतांनी तो बायकोला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, चुकून दारात आलेल्या मीटरवाल्यालाही दाखवला.

शनिवारी भिंगाखाली शेवटची तपासणी करताना त्यांना एक दात वाकडा दिसला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वाकडा दात दिसला की दंतोपंतांचे हात शिवशिवत. लग्नाच्या फोटोंतही ते आधी दात बघत. त्यांनी दिव्यावर दात किंचित ऊन केला, पातळ चिमट्यात धरला आणि श्वास रोखून, केसाकेसाने सरळ केला. मग शेजारच्या दाताशी लावून पाहिला. ओळखू येत नव्हता. त्या दिवशी ते घरी शीळ घालत गेले.

रविवारी सकाळी सातला त्यांनी पहिली दाढी केली. नवं ब्लेड, भरपूर फेस. रेझर गालावरून खर्रर्र करत उतरला आणि मागे गाल लोण्यासारखा. आनंदाच्या भरात त्यांनी दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा करायला काही उरलंच नव्हतं.

अकराला आत्या आली, मागोमाग आतेभाऊ. आत्याने रेझर हातात घेतला, उलटा केला, दातांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हा तो नव्हे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाजारातून दुसरा आणलास. माझ्या वडिलांच्या रेझरचा डावीकडून चौथा दात आत वळलेला होता. पासष्ट वर्षं मी तो बोटाने बघत आले. याचे सगळे सरळ आहेत."

दंतोपंतांची दातखिळी बसली. रेझर आपलाच आहे हे सांगणारी एकुलती एक खूण त्यांनी स्वतःच्या हाताने, भिंग लावून पुसली होती.

"आत्या, तो मी सरळ केला."

"का?"

"वाकडा होता."

आतेभाऊ खुर्चीत रेलून हसू लागला. "दादा, जरा बरी थाप मार. हा तोच रेझर निघाला ना, तर त्याच रेझरने ही दाढी उतरवून देईन."

"ऐकलं मी," आत्या म्हणाली.

दाढीचा विषय निघाला आणि दंतोपंतांचा हात आपल्या गुळगुळीत गालावर गेला. गालावरून त्यांना सकाळचा फेस आठवला, फेसावरून ओलं प्लास्टर, आणि प्लास्टरवरून सोमवार. ते इतक्या झटक्याने उठले की टेबल हललं.

"चला. कार्यशाळेत."

"आज रविवार आहे," बायको म्हणाली.

"सोमवारी माप घेतलं होतं मी त्याचं."

दोन गल्ल्या ते जवळजवळ धावलेच. काठी असूनही आत्या पुढे होती. कुलूप उघडलं तर आत चार भिंतींवर फळ्या आणि फळ्यांवर सहाशे प्लास्टरचे जबडे, सगळे हसत असलेले. आतेभाऊ दारातच थबकला.

"हे सगळे आपल्याकडे का बघतायत?"

"तू दाढी उतरवणार आहेस हे कळलंय त्यांना," दंतोपंत म्हणाले. ते स्टुलावर चढून एकेक जबडा उलटा करत होते. बँकेतल्या बाई. बँडवाला. बँडवाल्याची सासू. तिसऱ्या फळीवर, सासूच्या मागे, एक बिनहिरडीचं लांबट प्लास्टर होतं. त्यांनी ते काढलं आणि स्टुलावरूनच बुडावरची पेन्सिल वाचून दाखवली: "रुग्ण, आजोबा. खालचा जबडा. सोमवार."

आत्याने प्लास्टर खिडकीशी नेलं. आजोबांच्या रेझरचा मळ मापाला लागून प्लास्टरमध्ये उतरला होता. दातांच्या फटींत तोच हिरवा-काळा रंग होता. तिने बोट फिरवलं. एक, दोन, तीन. चौथ्यावर बोट अडलं.

मग तिचे खांदे हलू लागले. दंतोपंतांना वाटलं रडते आहे, पण आत्या हसत होती. चष्मा काढून, डोळे पुसत, काठीला धरून.

"मी वाकवला होता रे हा," ती म्हणाली. "बिस्किटांचा डबा उघडत नव्हता. नऊ वर्षांची होते मी. तुझ्या बापाने पाहिलं होतं. मार खाताना माझ्याकडे बघत होता, पण एक शब्द बोलला नाही."

"मग पुढे कधी सांगितलं नाहीस?"

"बिस्किटं त्यानेही खाल्ली होती ना. आम्ही दोघेही गप्प बसलो. मग फार उशीर झाला." तिने नाक पुसलं. "कपाट उघडलं की तो दात हाताला लागायचा. म्हणून तर दडवून ठेवला होता."

दंतोपंतांनी खिशातला रेझर चाचपला. वडिलांनी वस्तू सांभाळली नव्हती असं पासष्ट वर्षं घरात बोललं जात होतं. त्यांना एकदम फार हलकं वाटलं. इतकं, की ते स्टुलावरून उतरायचं विसरूनच गेले.

"रेझर तुझा," आत्या म्हणाली. "पण दाढी होते का, ते कुठे पाहिलं मी? तुझे गाल तर आधीच कोरे."

दोघांनी मिळून आतेभावाकडे पाहिलं.

"मी आपलं बोलण्याच्या ओघात," आतेभाऊ दाराकडे सरकत म्हणाला.

"बस," त्याची आई म्हणाली.

तो बसला. दंतोपंतांनी त्याला रबरी अ‍ॅप्रन बांधला. आधी कात्री, मग हात धुवायच्या साबणाचा फेस, मग रेझर. आतेभावाने डोळे घट्ट मिटले होते. खर्रर्र, खर्रर्र. सहाशे जबडे बघत होते. डावा गाल निघाला, उजवा निघाला, आणि शेवटी फेसाखालून हनुवटी बाहेर आली: गोल, मधोमध खळी पडलेली.

आत्याचं हसू थांबलं. दंतोपंतांचा हातही थांबला. ती हनुवटी त्यांनी लहानपणी रोज आरशात, वडिलांच्या खांद्यावरून पाहिली होती.

"मामाची आहे ना?" आतेभाऊ डोळे न उघडता म्हणाला. "माहीत आहे मला. म्हणूनच झाकली होती. माणसं बघितली की उगाच उसासे टाकायची."

"कोण टाकतंय उसासे," आत्या म्हणाली आणि पुन्हा हसू लागली.

तिने प्लास्टर रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. "हे माझ्याकडे राहू दे. मी वाकवलेलं मी सांभाळते."

परतताना आतेभाऊ वाटेभर स्वतःचा गाल चोळत होता. दुकानाच्या काचेत एकदा पाहून आला, पुढच्या दुकानाच्या काचेत पुन्हा.

"दादा, एक ओरखडासुद्धा नाही," तो कोपऱ्यावर म्हणाला. "पुढच्या रविवारपर्यंत परत वाढेल ना?"

"वाढेल की."

"मग मी येऊ का?"

"ये," दंतोपंत म्हणाले. "अकराला ये. ब्लेडचं पाकीट घेऊन ये."