दासोहाचा गहू

दुधनीच्या शिवारात औंदा दाक्षायणीच्या खपली गव्हाला तोड नव्हती. छातीला लागेल एवढा उंच, गर्द हिरवा. वाटेनं जाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे. त्याच भरात तिनं मठात चारचौघांसमोर सांगून टाकलं, "दासोहाच्या हुग्गीला गहू आमच्या रानातला!" दासोह म्हणजे मठातली गावपंगत, आणि तिथं गव्हाची गोड खीर, हुग्गी, हवीच.

बांधापलीकडचं रान तिची थोरली जाऊ चन्नम्मा करायची. तिचा गहू कमरेएवढा, जरा फिकट. "अक्का, खताला हात आखडलास व्हय?" दाक्षायणी हसून विचारायची. तिनं स्वतः मात्र युरिया मोकळ्या हातानं फेकला होता.

ओंब्यांत चीक भरला तसं दाक्षायणीनं पाणी सोडलं. चन्नम्मा बांधावरून ओरडली, "दाक्षा, वारं सुटलंय बघ की! भिजल्या रानात एवढा उंच गहू उभा ऱ्हायचा न्हाय."

"हितवर आलाय तो काय वाऱ्याला भ्यायचा?" म्हणत तिनं दारं धरून रानाला पाणी पाजलंच.

सकाळी ती रानात आली आणि जागीच खिळली. गहू कुटं गेला? क्षणभर वाटलं, आपण भलत्याच रानात आलो. मग दिसलं. सगळा गहू भुईसपाट, वरून लाटणं फिरवल्यासारखा. पलीकडं चन्नम्माचा गहू खुशाल डुलत होता. चिखलात बसून दाक्षायणी एकेक ओंबी उभी करू लागली. हात काढला की ओंबी परत आडवी.

चन्नम्मानं येऊन तिचा दंड धरला. "ऊठ. असा हातानं उभा ऱ्हातोय व्हय गहू?"

मळणीला दुसरा धक्का बसला. पोती कमी भरणार, हे तिनं धरलंच होतं. पण तिनं मूठभर दाणा उचलून बघितला. चपटा, सुरकुतलेला, निम्मा नुसता कोंडा. ह्याची हुग्गी कशी व्हायची?

मठात ती आपणहून गेली. "माझा गहू बिघडला," एवढंच कसंबसं बोलली. दासोहाला गहू चन्नम्मानं दिला.

पंगतीत दाक्षायणी हुग्गी वाढत होती. एक म्हातारी म्हणाली, "तुझा गहू लई ग्वाड हाय की गं!"

पळी हवेतच थांबली. "माझा न्हाय, आज्जी. अक्काचा."

मागून चन्नम्मा म्हणाली, "वाढ की पुढं, लोकं खोळंबलीत."

ती पुढच्या पानाकडं वळली. भरली पळी पानात रिती केली.