अंगठ्यावर पाहिलेली धार

मित्रांनो, जरा जवळ या, घाबरू नका. मी एक जुना वस्तरा आहे, पण आता माझ्याने लोणीसुद्धा कापले जाणार नाही. पाते तारेने घट्ट बांधून मला या केशकर्तनालयात आरशाशेजारी टांगले आहे. तरीही मी अगदी मजेत आहे. का, ते सांगतो.

माझे पाते अस्सल पोलादाचे आणि मूठ शिंगाची. शेजारी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या काकांना मी त्यांच्या सासऱ्यांकडून मिळालो. काका दाढीला इथे येत, पण मला खिशात घालून. "माझी कातडी नाजूक आहे," असे सांगत. दुकानाचा मालक, म्हणजे आमचा दादा, मला पाहिले की म्हणे, "आले का जावईबापू! काम थोडं, लाड फार." मी मनातून फुशारून जात असे.

खरे कारण वेगळे होते. काकांना जुनी, ब प्रकारची कावीळ होती. ती रक्तातून दुसऱ्याला लागते, म्हणून तुमचा वस्तरा कोणाला वापरू देऊ नका, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. हे फक्त काकूंना ठाऊक होते. आपला वस्तरा वेगळा ठेवला की झाले, असे काकांना वाटे. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांचा विचार केला, पण दादाच्या अंगठ्याचा केला नाही.

दादाला खोड होती. चामड्याच्या पट्ट्यावर धार लावली की ती तो स्वतःच्या अंगठ्यावर पाही. एके दिवशी काकांच्या हनुवटीवरची पुटकुळी माझ्याने कापली गेली. दादाने तिच्यावर तुरटी फिरवली, मला फडक्याला पुसले, पुन्हा धार लावली आणि गप्पांच्या नादात अंगठा टेकवला.

"आई गं! काका, तुमचे जावईबापू मलाच चावले की!" दादा हसला आणि तीच तुरटी त्याने अंगठ्यावर चोळली. "संपलं. चला, मान वर करा."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. "आज राहू दे," म्हणून फेस पुसत ते मला घेऊन आपल्या दुकानात आले. काकू डबा घेऊन बसल्या होत्या.

"अहो, दाढी अर्धीच?"

काकांनी सगळे सांगितले. "आता बोललो तर गल्लीभर होईल गं. मग घड्याळ कोण देणार माझ्या हातात?"

"आणि त्याला काही झालं तर? लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्ही आधी उठा."

मला खिशात टाकून काका उठले. दादाच्या दुकानात गिऱ्हाइके ताटकळत होती. "जरा बाहेर ये," काका म्हणाले.

"इथंच बोला की. आपल्यात काय लपवायचं?"

मग काकांनी सर्वांसमोर सांगून टाकले. दादाचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं माझ्या खुर्चीत बसता आणि हे आत्ता सांगता?"

"चुकलंच माझं. हवं तेवढं रागव. पण आधी हात धू आणि दवाखान्यात चल."

नळाखाली साबणाने अंगठा धुऊन दोघे निघाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लगेच आलात ते फार बरं केलंत. लस कधी घेतली नाहीत ना? मग आज लागण रोखणारं इंजेक्शन देते आणि लसही सुरू करते. तुरटीनं हे जंतू मरत नाहीत हो. वाळलेलं रक्तसुद्धा काही दिवस धोक्याचंच. पण शेजारी बसल्यानं किंवा एकत्र जेवल्यानं हा आजार होत नाही, हेही ध्यानात ठेवा."

पुढची तपासणी काही महिन्यांनी होती. तोवर दादा काकांशी बोलला नाही. मी खणात पडून होतो आणि काकांची दाढी वाढत होती. मला फार वाईट वाटे. घड्याळे मात्र येत राहिली.

मग एका सकाळी दादा काकांच्या दारात उभा राहिला. "रिपोर्ट आला. काही नाही मला!" काकांचे डोळे भरून आले. दादा म्हणाला, "आता हे जंगल किती दिवस ठेवणार? चला खुर्चीत. आणि जावईबापूंना आणा, त्यांना कायमची सुट्टी."

दुकानातला पट्टा आणि तुरटी गेली होती. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते आणि वापरलेले पाते जाड डब्यात. काकांची दाढी त्याच खुर्चीत होते.

मित्रांनो, वस्तरा असो, नेलकटर असो की सुई, दुसऱ्याची वापरू नका, आपली देऊ नका. चुकून लागलेच, तर जखम साबणाने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्यामुळे कोणाला लागले, तर लाजून गप्प बसू नका.

नवे पाते काढताना दादाचा अंगठा अजूनही सवयीने धारेकडे जातो. मग आरशाशेजारी त्याची नजर माझ्यावर पडते आणि अंगठा मागे येतो. एवढे मोलाचे काम मी धारदार होतो तेव्हाही कधी केले नव्हते.