बसमधली एकच जागा

मी एक स्कूटर बोलतेय. पण लगेच हेल्मेट शोधू नका, मी भुर्रकन पळणाऱ्यांतली नाही. चार छोटी चाकं, बॅटरी, पुढे तारेची टोपली आणि वर मऊ खुर्ची, एवढाच माझा थाट. ज्यांचे पाय साथ देईनासे होतात, त्यांची मी. रंग निळा. आणि स्वभाव म्हणाल तर हल्ली फार तापट झालाय. का, ते सांगते.

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी गावच्या एका निवृत्त पोस्टमनकडे मी दोन वर्षं होते. तो गेल्यावर मी नॉर्माकडे आले. नॉर्मानं शाळेत तीस वर्षं पोरांना जेवण वाढलं आणि त्यात कंबर घालवली. तिचा नवरा क्लिफर्ड मासळीबाजारात ओल्या फरशीवर उभा राहून मासे कापायचा. त्याचे गुडघे गेले. त्याच्यासाठी लाल स्कूटर आली, तिला मी लाली म्हणते. खुर्चीवरून उठून पलंगापर्यंत जायचं, एवढंच काय ते आता दोघांचं चालणं.

एप्रिलमध्ये त्यांच्या लग्नाला पंचावन्न वर्षं झाली. पुतण्यानं व्हॅनमधून आम्हा चौघांना यॉर्कला सोडलं, चार दिवसांसाठी. लग्नानंतर एकच दिवस ते इथं आले होते. तेव्हा चहाच्या एका दुकानात खिडकीशी बसून दोघांनी एक स्कोन, म्हणजे जॅम लावून खायचा छोटा गोड पाव, वाटून खाल्ला होता.

"मला त्याच खिडकीत बसायचंय, दोघांनी," नॉर्मा म्हणाली. "बाकी काही बघितलं नाही तरी चालेल."

पहिल्याच दिवशी बसवाल्यानं हात आडवा केला. "खुर्चीवाल्यांना जागा एकच आहे. दुसऱ्यांनी मागच्या बसनं या."

"तू हो पुढं. मी येतोच," क्लिफर्ड म्हणाला.

मागच्या बसमध्ये त्या जागेत बाबागाडी होती. बाळाची आई बिचारी गाडी मिटायला उठलीही. तर आमचा क्लिफर्ड म्हणतो, "छे छे, झोपलंय ते, उठवू नका. मला काही घाई नाही." लालीनं मला हे नंतर सांगितलं तेव्हा माझी बॅटरी तापली. घाई नाही? इकडे त्याची बायको पुढच्या थांब्यावर उतरून पाऊण तास नदीकाठच्या वाऱ्यात कुडकुडत होती! पण ही माणसंच तशी. पाय त्यांचा तुडवला तरी माफी तेच मागणार.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय. लिफ्टमध्ये गाडी एकच मावायची, आणि आगीच्या नियमानं वरच्या मजल्यावरही एका वेळी एकच सोडायचे. तो वर गेला की ही खाली, ही वर आली की तो खाली. लिफ्टच्या दारात दोघांची गाठ पडली, तेव्हा तो म्हणाला, "अगं, तिसऱ्या खोलीतलं घड्याळ बघ, झकास आहे!"

"आपण फिरायला आलोय का पहारा बदलतोय?" नॉर्मा म्हणाली. हसली, पण तिचा हात माझ्या मुठीवर घट्ट आवळला होता.

तिसऱ्या दिवशी ते दुकान. नॉर्मानं घरूनच फोन करून विचारलं होतं, दाराला पायरी नाही ना? नाही, म्हणाले. पण गाड्या दोन येतील, हे सांगायला ती संकोचली. उगीच कुणाला त्रास नको, म्हणून. हीच तिची चूक.

अर्धा तास रांगेत उभं राहून आमचा नंबर आला. ॲप्रनवाली मुलगी नॉर्माच्या डोक्यावरून क्लिफर्डकडे बघत म्हणाली, "ह्यांच्यासोबत तुम्ही का?" मग तिला लाली दिसली. "अगंबाई! मग तुम्हा दोघांना सांभाळतं कोण?"

"मी हिला, ही मला," क्लिफर्ड म्हणाला.

"आत एकच गाडी मावेल हो."

काय म्हणायचं याला? म्हाताऱ्या जोडप्यातलं एक तरी धडधाकट असलंच पाहिजे, असा नियम कुणी केला? दोघांचे पाय एकदम गेले तर तो काय गुन्हा झाला?

"तू जा आत," क्लिफर्ड म्हणाला. "मी काचेच्या बाहेर बसून पितो. खिडकी तर तीच ना!"

नॉर्मा आत गेली. काचेपलीकडे त्यानं कप उंचावून दाखवला. वाऱ्यानं त्याची टोपी सारखी उडू बघत होती. नॉर्मा स्कोनकडे बघत बसली. मग तिनं बशी माझ्या टोपलीत ठेवली आणि मला वळवलं. मी टीं-टीं करत निघाले. ऐन उंबऱ्यावर तिनं मला थांबवलं.

"क्लिफ, गाडी इकडे घे."

लाली माझ्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मध्ये बशी. दाराची वाट बंद! मागे वीस-बावीस माणसांची रांग. सगळे एक पाऊल मागे सरकले आणि आभाळ बघू लागले.

मालकीणबाई धावत आल्या. "मॅडम, तुम्ही दार अडवलंय!"

"माहीत आहे," नॉर्मा म्हणाली. "तीन दिवस मी 'हरकत नाही, हरकत नाही' म्हणतेय. आज आहे. आज मला हरकत आहे."

"निदान मागच्या लोकांचा तरी विचार करा!"

तेव्हा रांगेतली हिरव्या टोपीची एक बाई म्हणाली, "त्यांचा नंबर आमच्या आधी आहे. त्यांचं झाल्याशिवाय आम्ही आत कसे जाणार?" "बरोबर आहे," अख्खी रांग पुटपुटली. या देशात रांगेपुढे कुणाचं चालत नाही.

मग मालकीणबाईंनी आतलं एक कपाट हलवून घेतलं. त्यात नुसत्या शोभेच्या किटल्या होत्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत! आम्ही दोघी खिडकीशी शेजारी-शेजारी उभ्या राहिलो. क्लिफर्डच्या हनुवटीला जॅम लागला आणि नॉर्मानं तो बोटानं पुसला.

नोव्हेंबरमध्ये क्लिफर्ड गेला. लाली आता माझ्या शेजारी चादरीखाली असते, तिची बॅटरी कुणी भरत नाही.

म्हणून ओरडून सांगते, तुमचं ते किटल्यांचं कपाट आजच हलवा. दोघं आहेत तोवर दोघांपुरती जागा करा.

परवा आम्ही बाजारात निघालो. बसवाला हसून म्हणाला, "या आजी, जागा आहे!"

"आभारी आहे," नॉर्मा सवयीनं म्हणाली. आणि बस सुटेपर्यंत मागे वळून थांब्याकडे बघत राहिली.