कच्च्या वह्या, नग तीन

विद्यापीठाच्या अभिलेख विभागात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत मागितलेला कागद तिने दिला नाही, असं क्वचितच झालं असेल. आता मात्र कागद तिच्या स्वतःच्या वडिलांना हवा होता.

अण्णा स्थापना समितीचे लेखनिक होते. कोपऱ्यात बसायचं, साहेब लोक बोलतील ते उतरवून घ्यायचं आणि आपण चकार शब्द काढायचा नाही, एवढंच त्यांचं काम. एका सभेत मात्र त्यांना राहवलं नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग काढा, असं त्यांनी उभं राहून सुचवलं आणि ते मान्यही झालं. टाइप केलेल्या इतिवृत्तात मात्र आलं, 'अध्यक्षांनी सुचवले'. लेखनिकाचं नाव कोण घालणार? खरं होतं ते फक्त अण्णांच्या कच्च्या वहीत. हे ऐकून ऐकून घरादाराचे कान किटले होते. अण्णांनी घसा खाकरला की आई म्हणायची, "झालं, भरले संध्याकाळचे वर्ग!"

आता आई नव्हती. अण्णांची नजर गेली होती, आणि महिनाभर काढला तरी खूप, असं डॉक्टर म्हणाले होते. विद्यापीठाला पन्नास वर्षं होत होती आणि स्मरणिका सोमवारी छापायला जायची होती.

"बाई, कागद दाखवा, नाव छापतो," संपादक म्हणाले होते. "नुसत्या सांगण्यावर कसं छापू?" त्यांचंही काही चूक नव्हतं.

तीन दिवस तिने कपाटं उपसली. वह्या मिळाल्या नाहीत, मिळाली ती नष्ट केलेल्या कागदांची यादी. पक्की प्रत असेल आणि कच्ची कुणी लिहिली ते माहीत नसेल, तर कच्ची काढून टाकायची, असा तेव्हाचा नियम होता. 'कच्च्या वह्या, नग तीन. लिहिणारा: अज्ञात.' अक्षर तिचं, खाली सहीही तिचीच.

नोकरीचा पहिलाच महिना होता तो. बापाने चिकटवली, अशी कुजबुज तिच्या कानावर येत होती. वह्यांमधलं अक्षर तिने पहिल्या ओळीत ओळखलं होतं. ओळखणारच, त्याच अक्षरावर लहानपणी तिने बाराखडी गिरवली होती. पण नाव लिहिलं असतं तर वडिलांची रद्दी सांभाळते म्हणून सगळे हसले असते. आणि ती वर्गांची गोष्ट तेव्हा तिलाही थापच वाटायची. तिने पुढची पानं उलटलीसुद्धा नाहीत.

सगळं खरं सांगून टाकायचं ठरवूनच ती यादीची झेरॉक्स घेऊन अण्णांच्या पलंगाशी बसली.

"सापडल्या?"

"वह्या नाहीत, अण्णा. मागेच नष्ट केल्या. त्यांची नोंद तेवढी आहे."

अण्णांनी मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "नोंद आहे ना? वाच."

"कच्च्या वह्या, नग तीन."

"आणि लिहिणारा? कोणाचं नाव लावलंय?"

तिने कागदावरच्या 'अज्ञात'वर बोट ठेवलं. मग तिने अण्णांचं नाव वाचलं. त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश.

अण्णांनी हात पुढे करून कागद चाचपला. "ही नोंद केली कुणी?"

"मी."

"मग चूक नसणार," अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "उद्या सकाळीच संपादकांना दाखव."