नवागामचा बेरीजवाला डबा

मी नवागामचा डबा बोलतोय. अकरा गिरण्यांच्या साड्यांची सगळी डिझाइनं माझ्या पोटात आहेत. म्हणजे, खरं सांगायचं तर एकही नाही. माझ्याकडे आहे ती नुसती बेरीज. शाळेत मी तेवढंच शिकलो.

माझ्या आत चाळीस डिस्का गरगर फिरतात. लोक मला स्टोरेज म्हणतात, देखभाल करणारी सुषमा म्हातारा म्हणते. मालक भाईदास शेठ, मूळचे नंदुरबारकडचे. गिरण्या त्यांच्याकडे डिझाइनं सांभाळायला देतात. पूर्वी प्रत्येक डिझाइनच्या तीन पूर्ण नकला शहराच्या तीन टोकांना असत: उधन्याला, इच्छापोरला आणि इथे नवागामला. तिन्हीकडे डबेच डबे, तिन्हीकडे एसी. विजेचं बिल आलं की शेठना एसीतही घाम फुटायचा.

मग सुषमाने युक्ती काढली. अर्धी डिझाइनं उधन्याला, अर्धी इच्छापोरला आणि दोन्हींची बेरीज माझ्याकडे. तिकडे सात, तिकडे पाच, तर मी बारा. कुठलाही एक गेला तर उरलेले दोघे त्याला परत उभा करणार. निम्मे डबे विकले, शेठ खूश. दोन एकदम गेले तर काय, हे सुषमा सांगत होती तेव्हा ते फोनवर होते.

खूश माणूस आणखी खूश व्हायला बघतो. एक दिवस त्यांनी मला उघडून पाहिलं.

"अगं, याच्यात एक फूल नाही, एक मोर नाही. नुसता कचरा. दसरा झाला की भंगारमां दे."

"शेठ, कचरा नाही, बेरीज आहे ती."

"बेरीज नेसून कोणी लग्नाला जातं का?"

मी आपला पंखा जरा जोरात फिरवला आणि हसून घेतलं.

दसऱ्याला शेठ यंत्रांची पूजा करतात. सुषमाने बजावलं होतं, नारळ उंबऱ्यावर फोडा. पण माणूस तरुणपणी यंत्रमागावर राबलेला, लोखंडावरच नारळ फोडायची सवय. इच्छापोरच्या डब्यावर आपटला. पाणी थेट जाळीतून आत. आमचा इच्छापोरवाला मोठा ऐटबाज होता हो, तीर्थ पिऊन एकदाच चरचरला आणि झोपला.

अर्धी डिझाइनं गेली. चार दिवसांनी लग्नसराईची छपाई सुरू व्हायची होती. शेठ खुर्चीत बसले ते उठेनात. कपाळाचं कुंकू घामाने नाकावर आलं.

"गिरणीवाल्यांना आता तोंड कसं दाखवू, सुषमा?"

तिने लगेच उधन्याच्या डब्याला आणि मला कामाला जुंपलं. माझ्या बारातून त्याचे सात वजा, उरले पाच. असं कोट्यवधी वेळा. तिसऱ्या दिवशी पडद्यावर जांभळा मोर उगवला, पिसाऱ्यासकट. शेठच्या पत्नी सरलाबाई पेढे घेऊन आल्या. माझं भंगार टळलं.

तर मंडळी, पूजा जरूर करा, पण आम्हाला कोरडं ठेवा.

शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हा एवढा हुशार, मग उधन्याचं भाडं कशाला भरायचं? इच्छापोरचा गेलाच, आता तोही काढून टाक, हा एकटा पुरे."

सुषमाने पेढा तोंडात टाकला. "शेठ, तुमचं आणि सरलाकाकूंचं वय मिळून एकशेवीस. मी बाहेर नुसती ही बेरीज सांगितली, तर काकूंचं वय कोणाला कळेल का?"